डबल बेल

तुर्भ्याच्या यार्डात गाड्या येतात टोचनवर,
नाक चेपलेल्या, एक दिवा फुटका, एक शाबूत.
मी दार ओढते, आत वाकते, फोटो काढते,
फॉर्मवर लिहिते : उजवी एअरबॅग, उघडली.
डावी, उघडली.
नंतर फार गरीब दिसते ती,
ओतून झालेल्या दुधाच्या पिशवीसारखी लोंबत असते,
पांढरी पूड, फटाक्याचा वास,
कधी कुणाच्या कुंकवाचा डाग.
मुनाफ म्हणतो, मॅडम, लोक हिला उशी समजतात.
ठोसा आहे हा. पापणी लवायच्या आत येतो.
मोठ्या माणसाची छाती सावरतो,
मांडीवरचं डोकं
त्याला ठाऊकच नसतं.

परवा डाव्या सीटखाली एक बूट सापडला,
चालताना वाजतो ना, तसला. जुईलाही आहेत.
उचलला तर वाजला.
फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.
मूल कसं आहे, मी विचारलं नाही
आणि मुनाफ खाली बघून नट शोधत राहिला.

रविवारी नेरुळच्या घरी नाना तयार होऊन बसलेले.
करंजाला बारसं.
नानांची जागा पुढं, जुईची नानांच्या मांडीवर,
हे तिच्या जन्माआधीच ठरलेलं.
"तीस वर्षं एसटी हाकली, उरण डेपो.
कुणाला खरचटलं नाही.
माझ्या हातांपेक्षा तुझा पट्टा घट्ट?"

मी वाद घातला नाही.
ओट्याखालून कोलमची पिशवी काढली, दहा किलो.
जुई दोनशे ग्रॅमनं कमी भरते.
नाना, ही धरा. नात समजून धरा.
नानांना बेल्ट लावला, पिशवीला नाही.
प्रवरनं गाडी एमआयडीसीत नेली,
रविवारचा रस्ता, मागंपुढं कुणी नाही,
एक बंद टपरी, तिच्या सावलीत कुत्रं.
काटा तीसवर. मग चाळीस.
"घट्ट धरलंय?"
"अगं हो."
प्रवरनं ब्रेक दाबला.

पिशवी गेली.
तिचा एक कोपरा मात्र
नानांच्या मुठीत राहिला, फाटून.
तांदूळ डॅशबोर्डवर, काचेपाशी, नानांच्या चपलांत.
कुत्रं उठून उभं राहिलं.

मी म्हणणार होते,
हा नुसता ब्रेक होता, समोर काही नव्हतं.
समोर काही असतं तर दहा किलो
दहा किलो राहत नाहीत,
दहा भरलेले सिलिंडर होतात.
सगळं पाठ होतं मला.
पण नाना मूठ उघडून तो कोपरा बघत होते,
मग खिशात घातला त्यांनी, तिकीट ठेवावं तसा.

बारशाला उशीर झाला.
सीट मागं बसवली, तोंड मागं, पाठ रस्त्याला.
"तिचं तोंड दिसणार नाही मला."
मग तुम्ही मागं बसा.
जन्मात कधी मागं न बसलेला माणूस
गुडघा धरून मागं शिरला.

जुई रडली, उलव्यापर्यंत, बेंबीच्या देठापासून.
कुणी उचललं नाही.
सोपं नव्हतं. प्रवरचे कान लाल झाले होते,
मी नखं मोजत होते.
पाम बीचवर एका गाडीच्या छतातून
पोरगं अर्धं बाहेर, वाऱ्याला हात करत गेलं.
आम्हालाही केला त्यानं.
नानांनी त्याच्या बापाला डेपोतली एक शिवी दिली
आणि जुई क्षणभर गप्प झाली.

आता कुठं निघायचं म्हटलं की नाना आधी खाली.
पूर्वी टायर वाजवून बघायचे म्हणे,
आता सीट धरून गदागदा हलवतात,
खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरतात,
चिमटीत आला तर पुन्हा ओढतात.
मला हात लावू देत नाहीत.
बकलला दोन जिभा.
एक बसते, टक.
थांबतात.
दुसरी, टक.
"डबल बेल!" मागून ओरडतात.

मगच प्रवर चावी फिरवतो.
जुई सीटच्या पाठीवर पाय आपटते.
चिंव.