आठ तासांची झोप

दिवसभर मी झेरॉक्स काढतो परळला,
हॉस्पिटलच्या गेटासमोर:
रेशनकार्ड, एमआरआयचे रिपोर्ट,
ट्रस्टला द्यायच्या अर्जाच्या पाच-पाच प्रती.
शनिवारी रात्री दहानंतर शटर अर्धं ओढतो,
मशीनवर पुठ्ठा टाकतो
आणि त्या पुठ्ठ्यावर एक राज्य वसतं.

आम्ही चौघं.
ओवेस शेजारच्या केमिस्टकडे असतो; खेळात चोर.
ग्लेन लिफ्ट दुरुस्त करतो; खेळात वैदू,
हात ठेवला की जखम मिटवणारा.
आणि प्रणोती, जळीत वॉर्डची सिस्टर.
आम्हाला वाटलं होतं, वैदू तीच होईल.
तिने पहिल्याच रात्री दुधारी कुऱ्हाड मागितली.

पुस्तकातला नियम सोपा:
आठ तास झोपलात की सगळे प्राण परत.
पोटात भाला, अंगावर ड्रॅगनची आग,
सकाळी उठून कांदेपोहे.
मला हे पटेना.
ज्याच्या काउंटरवर एकाच माणसाची फाईल
तीन-तीन वर्षं येत राहते, दर खेपेला जाड होऊन,
त्याला कसं पटावं?

म्हणून मी घरचे नियम केले.
टाइप केले, लॅमिनेट केले.
एका रात्रीत एकच प्राण भरेल.
भाजलेल्याला अर्धाच.
काढा प्यायचा तर आधी फासा टाका, उलटूही शकतो.
वैदूने दिलेलं वैदूच्या खात्यातून वजा.
मेला तो मेला.
ओवेस म्हणाला, यात जीएसटी तेवढा राहिला.

तीन महिने आम्ही लंगडत खेळलो.
एका गुहेच्या तोंडाशी एकवीस दिवस मुक्काम,
कारण ग्लेनची बरगडी.
आतला राक्षस कंटाळून गावी गेला असेल.
मला मात्र अभिमान:
वाटतं की नाही खरं?

मग एका शनिवारी प्रणोतीची योद्धी
पुलावरून आगीच्या डोहात पडली.
ओढून काढली तेव्हा चाळीसातले तीन प्राण.
मी बोटांवर हिशोब केला,
"भाजलंय, म्हणजे रात्रीला अर्धा...
चौऱ्याहत्तर रात्री."

ती काही बोलली नाही.
पिशवीतून डबा काढला, उघडला, परत लावला.
मग म्हणाली,
"चौऱ्याहत्तर रात्री कशा असतात, मला विचार ना.
पट्टी सोडताना तिच्यासोबत काय निघून येतं, विचार.
सहा दिवस मी तेच करते रे.
इथे मला कुऱ्हाड हवी,
आणि सकाळी उठल्यावर काही झालेलंच नसावं.
तुझं हे खरं तू गेटाबाहेरून बघितलंयस."

मशीनचा पंखा तेवढा चालू होता.
लॅमिनेट केलेला कागद फाटत नाही,
हे मला तेव्हा कळलं.
कात्रीने कापला, तोही वाकडा.

ग्लेनने हात ठेवला, फासा टाकला: दोन.
कोणी मोजलं नाही.
"झोप तू," ओवेस म्हणाला, "पहारा आम्ही देतो,"
आणि ती खरंच झोपली,
ए-फोरच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून.
खेळातली झोपली का इथली,
कळायला मार्ग नव्हता.

आम्ही तिघांनी पहारा दिला.
आवाज नको म्हणून फासे रुमालावर टाकले.
रात्री एक कोल्हा आला; कुजबुजत हाकलला.
बाहेर, गेटाशी, कोणाचा तरी नातेवाईक
फोनवर रक्तगट सांगत होता, पुन्हा पुन्हा.

सव्वापाचला तिला उठवावं लागलं, सातची ड्यूटी.
जेमतेम चार तास.
पुस्तकाप्रमाणे चार तासांना काहीच मिळत नाही.
तिच्या कागदावरचे तीन खोडून
मी चाळीस लिहिले. पेनने.
तिने बघितले, केस बांधले,
डबा घेतला, तसाच भरलेला,
"कुऱ्हाड माझी नीट ठेव" म्हणाली
आणि शटरखालून वाकून गेली.