विषय क्रमांक सात

सहा विषय चहाच्या आत उरकले:
पाणीपट्टी, स्मशानाचा पत्रा, जेट्टीवरचा दिवा वगैरे.
सातवा होता कोल्हा.
मी पेनचं टोपण पुन्हा काढलं.

दत्ताराम बाणे उठले ते हातात पीस घेऊनच.
एकच पीस, तांबडं.
"चौदा होती. एका रात्रीत.
खाल्लान तीन, बाकीची नुसती मारून टाकलान."
कासमभाईंच्या वाफ्यात कलिंगडं
बुडाशी कुरतडलेली, लाल उघडी.
मागून कोणीतरी म्हणालं, कोल्हा काकडीला राजी,
आणि सभा हसली,
कासमभाई सोडून.

मग सुयोग. रात्रभर बॅटरी घेऊन किनारा राखणारा,
कासविणींना जो माहेरवाशिणी म्हणतो.
त्यानं पिशवी टेबलावर उलटी केली:
अंड्यांची सालं, चेपलेली,
पिंगपाँगच्या चेंडूंवर कुणी पाय दिल्यासारखी.
"एकशे बारा," म्हणाला,
आणि पुढे बोललाच नाही.

"मारा," म्हणाले निम्मे.
फासकी लावा, दोन बार काढा, माशांत औषध घाला.
एकानं हळूच शिंगाचं विचारलं,
कोल्ह्याचं शिंग तिजोरीत ठेवलं की म्हणे…
ते मी लिहिलं नाही.

मथुराबाई पावसकर खांबाला टेकून होत्या.
त्यांच्या मागच्या दारी, जुन्या जाळ्याच्या तुकड्यावर,
गेल्या शिमग्यापासून राजी.
कांदळवनात कोळंबीचं तळं खणताना
जेसीबीच्या दातांना बीळ लागलं.
पाच पिल्लं. चार तिथंच.
पाचवं बाईंनी पदरात घेतलं.
पेजेवर जगलं, सुक्या जवळ्यावर वाढलं.
आता बाई लिलावावरून परतल्या
की कान मागे पाडून हसतं.
हो, हसतं. मी बघितलंय.

"पाळा की मग सगळेच एकेक," दत्ताराम म्हणाले,
"मथुरावैनीसारखे. गळ्यात घंटा बांधा."
बाई तेवढंच बोलल्या:
"बाहेरनं आला म्हणतास त्याला.
रिसॉर्टच्या मागं कोंबड्यांची आतडी कोण टाकतो?
आणि तळी खणलात, तेव्हा त्याला
नोटीस दिलात काय?"

वनरक्षक गावडे मॅडमनी फाईल उघडली.
मारता येणार नाही.
पाळताही येणार नाही.
"मग करायचं काय?"
"अर्ज," त्या म्हणाल्या,
आणि त्यांनाच ते कसंतरी वाटलं.

हे सगळं इतिवृत्तात आहे.
जे नाही ते असं:

त्या पहाटे सुयोगच्या आधी मी वाळूवर होतो,
डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून.
घरटं उकरलेलं. पंजांची रांग सुरूच्या बनाकडे
आणि पंजांच्या बाजूनं
एक बारीक रेघ,
कुठे तुटलेली, कुठे खोल,
नायलॉनची दोरी ओढत गेल्यासारखी.
रानातला कोल्हा दोरी घेऊन फिरत नाही.

मी चपलेनं रेघ पुसली.
साठ-सत्तर पावलं, मागं मागं चालत,
बनापर्यंत. पोटऱ्या भरून आल्या.
पंजे तसेच ठेवले.
पंजे कुणाचेही असू शकतात.

तेव्हापासून सुयोग भेटला की मी आधी नमस्कार करतो.

रात्री खाजणातून कोल्हेकुई उठते,
मग दुसरी, खाडीच्या पलीकडून.
मग गाव जरा गप्प,
आणि मथुराबाईंच्या मागच्या दारी
कुणीतरी उत्तर देतं,
न जमणाऱ्या, मध्येच फुटणाऱ्या आवाजात,
कुणी न शिकवलेलं काहीतरी म्हणून बघत.
बाई उठतात. दिवा लावत नाहीत.
कडी काढल्याचं मला ऐकू येतं.
लावल्याचं ऐकायला मी जागा राहत नाही.

"विषय क्र. ७. सविस्तर चर्चा झाली.
निर्णय पुढील सभेवर."
सूचक, अनुमोदक:
दोन्ही जागा कोऱ्या.