उणे दोन

सोहार बंदर, तीन नंबर गेटामागे
पत्र्याच्या खोलीत माझं टेबल.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं.
बादली भरली की समजायचं, पाळी संपत आली.

कंपनीने यंदा ठरवलं,
हेल्मेटवर नाव ज्याच्या त्याच्या लिपीत.
आखूड नावं निमूट छापून निघाली.
मग गुणाजी आला, क्रेनवरचा,
चाळीस टनांचा डबा बोटभरही न चुकता ठेवणारा.
हेल्मेट माझ्यापुढे ठेवलं.
"मॅडम, माझो गाव तळवणे.
ह्यां तळवण खयचा?"

णच्या डोक्यावर मात्रा नव्हती.
तिच्या जागी काळा चौकोन, पोटात प्रश्नचिन्ह,
आणि त्यापुढचं 'कर' गडप.

कोड जुना, सीमधला.
लिहिणारा इद्रिस, ओमदुर्मानचा,
केव्हाच घरी परतला,
मागे एक टिपण ठेवून : हे तात्पुरतं.
खाली तारीख, अकरा वर्षांपूर्वीची.

आधी लोकेल तपासलं.
प्रोग्रामला सांगावं लागतं, बाबा, तू कुठे आहेस.
नाही सांगितलं तर तो स्वतःच्याच मुलखात राहतो,
तिथे एकशे अठ्ठावीस चिन्हं
आणि बाकी सगळे परके.
पण इद्रिसने ते सांगितलं होतं.
दोष तिथे नव्हता.

मग करक चहाच्या बिलामागे पेन्सिलने मांडलं.
ग तीन बाइट, उकार तीन, ण तीन, काना तीन...
मधल्या मोकळ्या जागेला एक.
सगळं नाव चाळीस.
आणि प्रोग्राम वाचतो बत्तीस-बत्तीसच्या घासाने.
बत्तिसावा बाइट म्हणजे त्या मात्रेचा पहिला तुकडा.
उरलेले दोन पुढच्या घासात.

अशा वेळी फंक्शन उत्तर देतं : उणे दोन.
उणे एक म्हणजे हे अक्षरच नव्हे, टाकून दे.
उणे दोन वेगळं.
आलंय तेवढं बरोबर आहे,
पुरं झालेलं नाही एवढंच.
पुढचं येऊ दे, तोवर मी हे धरून ठेवतो.

धरून ठेवायला एक डबी असते, स्थितीची.
इद्रिस ती डबी दर घासाआधी
घासूनपुसून ठेवत होता, लूपच्या आत,
बहुधा स्वच्छतेच्या सवयीने.
म्हणून ते दोन बाइट दारात आले
तेव्हा आत त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं.
उणे एक.

आमच्या आईचं असंच.
अकोल्याहून फोन मध्येच तुटला
की पुन्हा लागल्यावर
ती पहिल्या हॅलोपासून सगळं सांगते,
आणि जे सांगत होती ते राहूनच जातं.

मी ती एक ओळ लूपच्या बाहेर नेली.
एवढंच केलं.
रुंद अक्षरांची जागाही मोजून घेतली,
इथे दर अक्षराला चार बाइट,
ळ ला चार, अलिफला चार,
आणि एका बाइटात मावणारा इंग्रजी ए
तोही चार घेऊन पाय पसरून बसतो.
कॅम्पात खोल्या अशा वाटत नाहीत.

मशीनने अक्षरं मोजली : चौदा, मोकळी जागा धरून.
गुणाजीने बोटांवर मोजली, ओठ हलवत,
गु, णा, जी, त, ळ...
"नऊ," म्हणाला.
मशीनच्या लेखी ण वेगळा, मात्रा वेगळी.
त्याच्या लेखी णे, एका दमात.
मी वाद घातला नाही.
दोघांचाही हिशेब तसाच राहू दिला
आणि प्रिंट दिली.

ओल्या दमट हाताने स्टिकर नीट बसेना.
अंगठ्याने त्याने तो दाबला,
आधी कडा, मग मधोमध,
मग पुन्हा एकदा, नेमका मात्रेवर.
बाहेर भोंगा झाला.
हेल्मेट घालून तो निघाला,
आणि मी बादली ओतायला उठले.