बोडीच्या पारीवर, गुरुवारी

दर गुरुवारी चार वाजता
बोडीच्या पारीवर येते मी.
तिसऱ्या पळसाखाली
दोन काड्या रेंज भेटते.
फोन आशाताईचा, रिचार्ज माहा.
घरी सांगितलं, बचत गटाची मीटिंग हाये.

काचेत तोडासे मॅडम. नागपूरच्या.
मांगं भिंत, भिंतीवर पाल.
पहिल्या दिवशी मी पालीकडंच पायत होती.

मॅडम म्हने, "कुठल्या भाषेत बोलायचं, बिरजाताई?"
हे मले आजवर कोनी पुसलं नव्हतं.
मराठीत तर सांगून झालं होतं
वनविभागाच्या साहेबाले, पंचनाम्यात:
'सदर महिला तेंदूपाने तोडत असताना.'
खाली माहा अंगठा, सोमारीच्या नवऱ्याची सही.
त्या कागदात सोमारी सदर झाली.
तवापासून मराठीत ती तिथंच वाकून हाये,
हातात अर्धा पुडा,
सत्तरातली पस्तीस पानं.

अन गोंडीत म्हनावं
तर गोंडीत मी फक्त रागावते,
वासराले हाक मारते,
मायसंग बोलत होती, ती गेली.

"तुम्ही त्याला काय म्हणता?" मॅडमनं इचारलं.
म्या म्हटलं, आम्ही नाव नाही घेत.
"बरं. मग मीही नाही घेणार."
ब्रह्मपुरीच्या डॉक्टरनं तीनदा घेतलं होतं,
गोळ्या लिहता लिहता.

"आता कसं वाटतंय?"
वाटते म्हंजे कुठं? डोक्यात नाही, मॅडम.
टाचेत हाये. उजव्या.
डोळा लागला का ते पळाले लागते,
मी हातरुनातच.

मंग मॅडमनं गोंडीत इचारून पायलं,
कळ कवा येते.
आजी कोरचीची होती म्हने त्याईची,
लहानपनी आयकलेली भाषा, खिशातल्या चिल्लरवानी.
तो शब्द आम्ही बकरी व्याताना वापरतो.
मले हसू आलं.
असं आलं का पदर तोंडाले लावा लागला.
मॅडमही हसल्या, वहीत बरोबर शब्द लिहून घेतला,
मले दोनदा म्हनून दाखवा लावला.

अन हसता हसताच निघून गेलं तोंडातून:
तिनं माहं नाव घेतलं होतं, मॅडम.
दोनदा.
म्या आयकलं होतं.
अन म्या पळून गेली.

मान वर केली तं काचेत गोल फिरत होता.
मॅडम थिजलेल्या, एक डोळा अर्धा मिटलेला.
बोडीत बगळे उभे होते तसेच.
कोनीच आयकलं नव्हतं.

"हॅलो, हॅलो, बिरजाताई, आवाज गेला होता तुमचा.
काय म्हणालात?"

काही नाही, म्हनता आलं असतं.
म्हशी घराकडं निघाल्या होत्या, चुलीचा टाईम झाला होता.
फोन कानाले दाबला, म्हंजे मॅडमचं तोंड दिसू नये,
अन गोंडीत सांगितलं.
सोमारीचं नाव घेऊन सांगितलं.
गोंडीत ती सदर नव्हती.
तिच्या बांगड्या वाजत होत्या.

मॅडम लय वेळ काही बोलल्या नाही.
तुमची चूक नाही, असंही नाही म्हटलं.
त्याचं मले बरं वाटलं.
मंग हळू आवाजात, मोडक्या गोंडीत,
"मी इथंच आहे" म्हटलं.
क्रियापद चुकलं होतं.
म्या दुरुस्त नाही केलं.

येताना चपला हातात घेतल्या.
टाच मातीले लागली. माती अजून तापून होती.
पुढच्या गुरुवारी आशाताईची लसीकरनाची पाळी हाये,
फोन भेटनार नाही.
शुक्रवारी ठरलं.