अठ्ठाविसावा दिवस

मेणाने तोंड बंद केलेली नळी
मंगळवारी तुर्भ्याला आली, सायटीच्या जीपमधून,
ओल्या गोणपाटात गुंडाळून.
चिठ्ठीवर हसुराम कडूचं अक्षर :
उलवे, बोअर नऊ, खोली सहा मीटर.
‘मातीचा प्रकार’ या रकान्यात त्याने लिहिलं होतं, दही.

दट्ट्याने ढकलली तर खरंच तशी सरकत आली,
काळी-निळी, खाडीच्या उग्र वासाची,
मधोमध नखाएवढा शिंपला, दोन्ही झाकणं मिटलेला.
अंगठा टेकवला तर पेरापर्यंत आत.
फोनवर हसुराम म्हणाला,
“बाय, ती जमीन नाय. दर्याची उसनवारी हाय.
माझ्या आज्याचं मिठागर होतं तिथं.
तो पन अनवानीच चालायचा, हलक्या पायानं.”
आता तिथून ट्रेलर जायचेत,
एकेक चाळीस टनांचा.

दुसऱ्या पोत्यात तळोज्याचा स्लॅग.
बाबा त्याला खंगर म्हणायचे.
बावीस वर्षं त्यांनी तो लांब दांड्याच्या पळीने ओढला,
उकळत्या लोखंडावरची साय काढावी तसा.
लोखंडाचं वजन व्हायचं, पावती व्हायची.
खंगर ट्रॉलीत भरून मागच्या नाल्याकाठी,
रात्रीचा, दिवे बंद करून.
कंपनीला टाळं लागलं तेव्हा हिशेबाचा कागद आला,
बाबांच्या नावापुढे एक आकडा.
चष्मा पुसून त्यांनी तो पुन्हा वाचला.
आकडा तोच होता.

आता खंगर दळून मिळतो, पिठासारखा,
गोणीवर किंमत छापलेली.

शंभर भाग चिखल, वीस भाग खंगर, चार भाग चुना.
आधी गुठळ्या होतात, नाक चुरचुरतं,
मग हात थांबवायचा नाही,
नाचणीची उकड घाटतात तसा.
साच्यात तीन थर, ठोकून ठोकून,
प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, तारीख घालून.
पुढे काम असं काही नसतं. वाट.
आत काय घडतं ते पुस्तकात आहे,
परीक्षेत मी त्याला आठ गुण मिळवले होते.
सातव्या दिवशी पिशवी चाचपली तेव्हा
त्यातलं एक वाक्य आठवलं नाही.
हाताला कळलं ते एवढंच,
आता पेर आत जात नाही.

एक तपासणी निराळी असते.
तुकडा अठरा तास पाण्यात घुसळायचा
आणि मग पाण्याला विचारायचं, काय काय सुटलं?
साहेब म्हणाले, ती मागाहून, आधी निविदा.
मी ती आदल्या रात्रीच लावून ठेवली होती.
त्या नाल्याशेजारच्या बोअरिंगचं पाणी
आम्ही मी नववीत जाईपर्यंत प्यायलो.
आकडे मर्यादेच्या आत आले.
शून्य आले नाहीत.
अहवालात दोन्ही लिहिलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राचा दांडा उतरत गेला.
काटा शंभर, चारशे, नऊशे,
आणखी थोडा, आणि एक तिरपी भेग,
टक् असा आवाज.
चिखल कधी आवाज करून मोडत नाही.

हसुरामला आकडा सांगितला.
“म्हंजे आज्याला बूट घालून चालता आलं असतं,”
तो म्हणाला. मग बराच वेळ
फोनमधून ड्रिलिंगचं इंजिनच ऐकू येत राहिलं.
शिंपला मी ठेवलाय, खिडकीत.
अजून उघडलेला नाही.

मोडलेला अर्धा तुकडा घरी नेला.
बाबांनी नखाने खरवडला, नाकाशी धरला,
तळहातावर तोलला.
“ह्यात आमचं किती?”
शंभराला वीस, म्हटलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही.
उठून शिलाई मशिनच्या आखूड पायाखाली तुकडा सारला,
हाताने मशीन हलवून बघितली,
आणि आईला म्हणाले,
चालव आता.