उणे अंगठा

सराफ कट्ट्यावर दुपारी तीनला गिऱ्हाईक नसतं.
हेमलता आरवाडे विश्रामबागेतून रिक्षानं आल्या,
पर्समधून औषधाची रिकामी डबी काढली,
कापूस बाजूला केला.
"सासऱ्यांच्या कपाटात होता. पैसा आहे एक.
पैशाचे किती येतील?"

मी हसलो नाही.
सन पन्नासचा पैसा, धावता घोडा,
पण हा घोडा बाजारात कधी धावलाच नाही.
ना जत्रेत, ना पानाच्या गादीवर, ना कुणाच्या कनवटीला.
आरशासारख्या घासलेल्या ठशाखाली
टांकसाळीत दोनदा दाबलेला,
नमुना म्हणून राखलेला. प्रूफ.
चौसष्टांचा रुपया व्हायचा तेव्हा.
ह्यानं जन्मात चार शेंगासुद्धा विकत घेतल्या नाहीत,
आणि त्याचीच तर किंमत.

भिंग लावलं.
तांबं कडेनं अजून लाल,
मधे गुळाच्या ढेपेचा रंग,
आणि घोड्याच्या पाठीवर, मोकळ्या आभाळात,
तिसरा ठसा.
अंगठ्याचा.

हाताचा घाम त्याच दिवशी पुसला तर जातो.
वर्षानं तो धातूत उतरलेला असतो.
मग चिंच लावा, राख लावा,
नाणं मरेल, ठसा नाही.

अंगठा लहान होता. पोराचा.
रेघा डावीकडून चढत गेलेल्या
आणि त्यांना आडवी कापत एक कोरी पट्टी,
विळीवर सरकल्यासारखी.

काउंटरखाली
मी माझा उजवा अंगठा मुठीत घेतला.

सत्त्याहत्तर साल. आदगोंडा शेठच्या दुकानात
मी झाडायला, पाणी भरायला.
शेठ नाणं कडेनं धरायचे, गरम कप धरावा तसं.
ते गल्ल्याकडे वळले आणि मी
नुसतं बघायला, की घोडा गार लागतो का…
कानाखाली बसली तेव्हा कळलं
नाणं कुठं धरायचं.
धंदा तेवढाच शिकलो. पुढची चाळीस वर्षं उजळणी.

आमच्यात अंगठा उठायचा निळ्या शाईत,
आईचा, रेशनच्या रजिस्टरवर, माझ्या शाळेच्या फॉर्मवर.
मी पुढं सही शिकलो, मराठीत आणि इंग्रजीत.
घरातला बिनशाईचा अंगठा हा एकच.

"बोला की," बाई म्हणाल्या.
ठसा नसता तर सहा हजार.
असा, अडीच.
"कुणा मेल्यानं हात लावला असेल हो!"
"असेल कुणी पोर."

पावती केली: पैसा, १९५०, प्रूफ, लालसर तपकिरी.
दोष: बोटाचा जुना ठसा.
नोटा मोजून दिल्या. अडीचच.
बाईंनी डबी परत मागून घेतली.

रात्री शटर ओढायच्या आधी
अंगठा नाण्यावर नेला, न टेकवता,
केसभर वर.
आता तो घोड्यासकट सगळं झाकतो.