वजनाचा प्रश्न नाही

पत्र पेन्सिलीनं लिहिलेलं,
पाकिटावर नुसतंच: सिग्नलवाले, नगरपालिका.
आमच्याकडे तक्रारी फोनवर येतात, बहुतेक शिव्यांसकट.
हे मात्र टेबलांवरून फिरत फिरत माझ्यापाशी आलं,
कारण एल्मायराकडचे सगळे खांब माझ्या नावावर.

‘दर शनिवारी पहाटे चारला बग्गी घेऊन बाजाराला निघतो.
तुमचा दिवा आम्हाला बघत नाही.
परवा अर्धा तास थांबलो.
मागून दुधाचा टँकर आला, आणि लगेच हिरवा.
आमचं वजन कमी पडत असेल म्हणून
मागे ओटची दोन पोती टाकून पाहिली. तांबडाच.
आणखी किती टाकू?
आम्सी ब्रूबाकर.’

मला हसू आलं, आणि मग आलं नाही.
पहाटे चार. दोन्हीकडे मक्याची रिकामी शेतं, बर्फ,
चिटपाखरू नाही.
कुणीही निघून गेला असता.
अर्धा तास थांबणाऱ्या माणसाचं काय करायचं
हे आमच्या यंत्रात कुणी लिहिलेलंच नाही.

मी उत्तर लिहायला घेतलं:
वजनाचा प्रश्न नाही, श्री. ब्रूबाकर.
रस्ता कुणाला तोलत नाही.
डांबरात मी करवतीनं एक चौकोन चिरलाय, बोटभर खोल,
त्यात तारेचे चार वेढे, वर काळं लुकण.
त्या तारेतली वीज सेकंदाला पन्नास हजार वेळा
इकडची तिकडे होते.
वर धातू आला की तिची लय जराशी चढते.
कोपऱ्यावरच्या पेटीत एक कार्ड आहे,
त्याला तेवढंच ऐकू येतं: आलंय कुणीतरी.
मग पेटी मोठ्या रस्त्यावरची रांग तुटायची वाट बघते.
पिवळा. क्षणभर सगळीकडे लाल. मग तुमचा.

तुमच्या बग्गीत लोखंड ते किती!
चाकांच्या धावा, आणि घोडीचे चार नाल.
घोडी चौकोनात उभी राहते,
चाकं बाहेर.

पत्र तसंच ठेवलं, आणि कार्डाचा कान वाढवला.
आठवडाभरात बोंब:
शेजारच्या लेनमधून खडीचा ट्रक गेला
की इकडे हिरवा, कुणीच नसताना.
भुताला वाट देतेस का गं, डेस्मंडनं विचारलं.

मे महिन्यात, जमीन सैलावल्यावर,
आम्ही चौक बंद करून पुन्हा चिरला.
दोन वळी, पाठीला पाठ,
मधल्या रेघेत सगळी तार एका दिशेनं.
अशी रेघ शेजाऱ्याचं ऐकत नाही,
पण नेमकी वर आलेली बारीकशी धावही सोडत नाही.
मग अर्धवट पत्र पुरं केलं:
मधल्या रेघेवर चाक ठेवा. पोती उतरवा.
फिलोमेना मेडेरोस, सिग्नल विभाग.

एका शनिवारी मुद्दाम गेले, गाडी लांब लावून.
टापा आधी ऐकू आल्या.
घोडी रेघ ओलांडून पुढे गेली, चाक रेघेवर आलं,
पेटीत खट्ट झालं,
आणि ओल्या डांबरावर हिरवं सांडलं.
त्यानं मला पाहिलं नाही. मीही हात केला नाही.

ऑगस्टमध्ये दुसरं पत्र, तीच पेन्सिल.
‘घोडी शर्यतीतली आहे, म्हातारी झाली म्हणून स्वस्तात मिळाली.
थांबणं तिला कधीच जमलं नाही.
आता रेघेच्या पुढे बरोबर तेवढीच जाऊन
आपसूक उभी राहते, लगाम न ओढता.
तुम्ही तिच्यासाठीही काही पुरलंय का?’

याचं उत्तर अजून द्यायचंय.